जागतिक अजिंक्यपदाचा पट्टा

कुस्तींतील जगज्जेता कोण, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकांत निर्विवाद उत्तर नव्हतें. प्रत्येक देशाला आपला मल्ल अजिंक्य वाटे आणि समुद्रापलीकडच्या मल्लाशीं त्याची गांठ क्वचितच पडे. ४ मे १९०५ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें जॉर्ज हॅकेनश्मिटनें अमेरिकेच्या टॉम जेंकिन्सला लागोपाठ दोनदां चीत केलें. जागतिक अजिंक्यपदाचा आरंभ बहुतेक इतिहासकार तेथून धरतात. हॅकेनश्मिट हा एस्टोनियांतील दोर्पात गांवचा; परंतु तो मुलूख त्या काळीं रशियाच्या अमलाखालीं असल्यामुळें ‘रशियन सिंह’ याच नांवानें तो गाजला.

पुढें ३ एप्रिल १९०८ रोजीं शिकागो येथें फ्रँक गॉच या आयोवा संस्थानांतील शेतकऱ्याच्या मुलानें दोन तासांहून अधिक झुंज देऊन हें पद त्याच्याकडून हिरावून घेतलें. गॉचनें अंगाला तेल चोळलें होतें, अशी हॅकेनश्मिटची तक्रार होती. ४ सप्टेंबर १९११ ची फेरकुस्ती पाहावयास पंचवीस हजारांहून अधिक लोक लोटले. पण गुडघा दुखावलेला हॅकेनश्मिट अर्ध्या तासाच्या आंतच दोनदां हरला.

गॉच १९१३ मध्यें निवृत्त झाला आणि वारस ठरविण्याची पंचाईत आली. अखेर १९१५ च्या जुलैंत ओमाहा येथें जो स्टेचरनें चार्ली कटलरला हरविलें, तेव्हां तो वाद मिटला. पायांची कात्री घालून प्रतिस्पर्ध्याचा श्वास कोंडणें हा स्टेचरचा हुकमी डाव. त्याची आणि ‘स्ट्रँग्लर’ एड लुईसची १९१६ मधील कुस्ती सुमारें पांच तास चालून बरोबरींत सुटली. ती खरी होती याविषयीं फारसा कोणी संशय घेत नाहीं. इतकी कंटाळवाणी कुस्ती मुद्दाम ठरवून कोण करील?

कंटाळलेला प्रेक्षक पुन्हां तिकीट काढीत नाहीं, हें व्यवस्थापकांच्या ध्यानीं आलें. पहिल्या महायुद्धानंतर लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो व टूट्स माँट या त्रिकुटानें वेळेची मर्यादा घातली, झटपट व दिखाऊ डाव आणले. निकाल आधीं ठरविण्याची चाल पूर्वींहि होतीच. आतां तो नियम झाला. आपल्याकडे जिला नुरा कुस्ती म्हणतात, तीच ही.

परंतु या लबाडीला एक अडचण होती. ज्याला पट्टा द्यावयाचा तो खराखुरा मल्लच नसला तर? ८ जानेवारी १९२५ रोजीं कॅन्सस सिटी येथें लुईसनें वेन मन या फुटबॉलपटूला जिंकूं दिलें. मन धिप्पाड होता, त्याच्या नांवावर तिकिटें खपणार होतीं; कुस्तीविद्या मात्र त्याला बेताचीच येई. १५ एप्रिल रोजीं फिलाडेल्फिया येथें चाळिशी उलटलेला पोलिश मल्ल स्टॅनिस्लॉस झ्बिस्को त्याच्यासमोर उभा राहिला. झ्बिस्कोनें हरावें असें ठरलें होतें. पण प्रतिस्पर्धी व्यवस्थापकांनीं त्याला आधींच फोडलें होतें. त्यानें मनला खरोखरच उचलून आपटलें, पुन्हां आपटलें, आणि पंचाला निकाल देण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. ३० मे रोजीं सेंट लुईस येथें त्यानें तें पद स्टेचरच्या स्वाधीन केलें. खोट्या व्यवहारावर खऱ्या विद्येनें घाला घातला खरा, पण तो घालाहि विकत घेतलेला होता.

हा झ्बिस्को भारतीयांना परका नाहीं. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडन येथें गामा पैलवानाशीं त्याची कुस्ती जवळजवळ तीन तास चालली; बहुतेक वेळ तो पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरींत सुटली. १७ तारखेस तो मैदानावर आलाच नाहीं, म्हणून ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला. जानेवारी १९२८ मध्यें पतियाळा येथें दोघे पुन्हां भेटले, तेव्हां गामानें त्याला एका मिनिटाच्या आंत चीत केलें. अमेरिकन पदाच्या यादींत मात्र गामाचें नांव कोठेंच नाहीं. गॉचनें त्याचें आव्हान स्वीकारलेंच नव्हतें.

१९२९ मध्यें या पदाचीं शकलें झालीं. जानेवारींत बोस्टन येथें गस सोनेनबर्ग हा फुटबॉलपटू लुईसला हरवून जगज्जेता झाला. ऑगस्टमध्यें फिलाडेल्फिया येथें डिक शिकाटनें जिम लाँडॉसला हरविलें आणि पेनसिल्व्हेनियानें त्यालाच जगज्जेता मानलें. २ मार्च १९३६ रोजीं याच शिकाटनें ठरलेली बोली मोडून डॅनो ओमाहोनीला हरविलें. प्रकरण ओहायोंतील कोलंबसच्या न्यायालयांत गेलें आणि पडद्यामागचा व्यवहार वर्तमानपत्रांत छापून आला.

१९४८ मध्यें कांहीं व्यवस्थापकांनीं नॅशनल रेसलिंग अलायन्स ही संस्था काढली. तिचा विजेता ऑर्व्हिल ब्राउन आणि नॅशनल रेसलिंग असोसिएशन या जुन्या संस्थेचा विजेता लू थेझ यांची कुस्ती २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं ठरली. जिंकणाऱ्याकडे दोन्ही पदें जावयाचीं होतीं. १ नोव्हेंबरला ब्राउनच्या मोटारीला अपघात होऊन तो जबर जखमी झाला, आणि पट्टा थेझला कुस्ती न होतांच मिळाला.