काळ्या मातीवरची बागवाट: दोष खळग्यांचा नाही, पाण्याचा

बागेत पायवाट काढायची म्हटली की उंचवटे छाटायचे, खळगे भरायचे आणि वर फरशी टाकायची, एवढीच तयारी बहुतेकांना पुरेशी वाटते. खापरखेडा ज्या सावनेर तालुक्यात आहे, तिथल्या कापूस-संत्र्याच्या काळ्या जमिनीवर ही तयारी अपुरी पडते. या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगतं आणि सुकलं की आकसतं. त्यामुळे मे महिन्यात भेगाळलेली जमीन पावसाळ्यात वर उचलली जाते. उन्हाळ्यात पाणसळ लावून अचूक बसवलेली फरशी ऑगस्टमध्ये वाकडी दिसली, तर दर वेळी गवंड्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्या मातीचा स्वभाव दोन पेल्यांत कळतो. वाळवून बारीक चाळलेली माती सारख्या मापाने घ्यावी, एका पेल्यात रॉकेल आणि दुसऱ्यात पाणी घालून ढवळावी आणि दिवसभर ठेवावी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट किंवा जास्त भरला, तर सावध व्हावं. प्रयोगशाळेतली मुक्त फुगवण चाचणीही याच तत्त्वावर चालते.

‘पायवाटेवरून कुठे ट्रक जाणार आहेत, एवढा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण हिशेब उलटा आहे. सहा सेंटीमीटर जाडीच्या पेव्हर ब्लॉकचं वजन दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भरतं. फुगणाऱ्या काळ्या मातीचा वर ढकलणारा दाब मात्र तेवढ्याच जागेवर कित्येक टन असू शकतो. हलकं बांधकाम या मातीला दाबून धरू शकत नाही, म्हणूनच कुंपणाच्या भिंती आणि वाटा आधी तडकतात. मग खाली वाळूचा जाड थर द्यावा, असा सल्ला मिळतो. ब्लॉक बसवायला दोन-तीन सेंटीमीटर वाळू ठीक, पण जाड थरात पाणी साठतं आणि खालची माती तेच पीत राहते. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या कामांसाठी वेगळा मार्ग मांडला: न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा दाबलेला थर. थोडी चिकणमाती असलेला मुरूम त्यासाठी चालतो. बागेपुरतं बोलायचं तर वरची काळी माती वीतभर तरी काढावी आणि तिथे असा मुरूम भरावा. वाट पूर्ण निर्धोक होणार नाही, पण हालचाल खूपच कमी होईल.

भरावावर पाणी सोडलं की तो आपोआप बसतो, हाही असाच लाडका समज. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, इतकाच ओलावा हवा. पंधरा सेंटीमीटरचा थर टाकावा, धुमसाने चोपावा आणि मगच पुढचा टाकावा. उतारावर भराव घालताना जुन्या जमिनीला आधी पायऱ्या खोदाव्यात, नाहीतर तो घसरतो.

भरावासाठी खापरखेड्यात औष्णिक वीज केंद्राची राख हाताशी असते आणि ती सिमेंटसारखी घट्ट होते, असं सर्रास मानलं जातं. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत चुना कमी असतो. चुना किंवा सिमेंट मिसळल्याशिवाय ती बांधली जात नाही. राखेच्या विटा होतात, रस्त्यांच्या भरावातही ती चालते, हे खरं. पण तिथे ती नीट दाबून मातीने झाकलेली असते. उघडी राख वाऱ्याने उडते, पाण्याबरोबर वाहते. जुलै २०२२ मध्ये शेजारच्या कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटला, तेव्हा ती शेतांत पसरली होती. विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यालगत ती नकोच.

आणि वाट पाटासारखी सपाट कधीच ठेवू नये. रुंदीच्या दर मीटरमागे दोन सेंटीमीटर उतार द्यावा, तोही घराच्या आणि झाडांच्या आळ्यांच्या उलट दिशेला. काम दिवाळीच्या आसपास, जमीन ना चिखल ना भेगाळ अशी असताना काढावं. मे महिन्यात मुळीच नाही.