गाणाऱ्या गावात सविताची आठवण

“मावशी, छत्री ठेव घरातच. इथल्या वाऱ्यात ती उलटी होते. रेनकोट घाल!” भाचीनं पहिल्याच दिवशी बजावलं. बाहेर पडलो आणि अर्ध्या तासात ऊन, पाऊस, वारा, पुन्हा ऊन, असं सगळं बघून झालं. मी चंदगडच्या पावसात वाढलेली. पण असा आडवा येऊन तोंडावर आपटणारा पाऊस मी गॅलवेतच पाहिला.

गॅलवे हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर. डब्लिनहून बसनं साधारण अडीच तास लागतात. वस्ती लाखाच्या आतली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण गजबज अशी, की रोजच जत्रा भरलीय असं वाटावं! भाची तिथे वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत नोकरीला आहे. “एकदा ये गं,” म्हणून तीन वर्षं मागे लागली होती. शेवटी गेले.

गावाच्या मधोमध आयर स्क्वेअर नावाचं मोठं मैदान आहे. तिथून थोडं पुढे शॉप स्ट्रीट सुरू होतो. या रस्त्यावर गाड्यांना बंदी. दर वीस पावलांवर कुणी गिटार वाजवतंय, कुणी व्हायोलिन, कुणी नुसतंच गातंय. लोक थांबतात, ऐकतात, पुढ्यातल्या पेटीत नाणं टाकतात. वाटेत एका बाकावर दोन लेखकांचे पुतळे गप्पा मारत बसलेत. एक ऑस्कर वाइल्ड आणि दुसरा एस्टोनियाचा एडुआर्ड विल्डे. मधल्या जागेत बसून मीही फोटो काढून घेतला. म्हटलं, आपणही घ्यावं साहित्यिकांच्या मांडीला मांडी लावून!

दर शनिवारी सेंट निकोलस चर्चच्या बाजूला बाजार भरतो. चीज, पाव, भाज्या, फुलं, हातानं विणलेल्या लोकरीच्या टोप्या... आठवडी बाजाराची सवय असलेली बाई तिथे लगेच रुळते. फक्त घासाघीस करायची नाही, असं भाचीनं आधीच दटावलं होतं. पुढे गेलं की कॉरिब नदी. लांबीला छोटी, पण पाण्याला काय ओढ! काठावर १५८४ सालची स्पॅनिश आर्च ही दगडी कमान आहे आणि पलीकडे क्लाडा ही जुनी कोळ्यांची वस्ती. इथली अंगठी जगभर प्रसिद्ध आहे. दोन हातांनी धरलेलं हृदय आणि त्यावर मुकुट. हात मैत्रीचे, हृदय प्रेमाचं, मुकुट निष्ठेचा. ती कुठल्या हातात आणि कुठल्या दिशेनं घातलीय, यावरून बाईचं लग्न झालंय की नाही, ते कळतं म्हणे. मंगळसूत्राचीच बहीण की! फरक एवढाच, की तिथे पुरुषही ती घालतात.

संध्याकाळी भाची म्हणाली, “चल, पबमध्ये.” माझा चेहरा बघून ती हसायलाच लागली. गेले खरी भीत भीत, पण आत आजी-आजोबा होते, लहान मुलं होती. कोपऱ्यात सात-आठ जणं गोल करून वाजवत बसलेली. त्यात माझ्याच वयाच्या दोघी. एकीकडे व्हायोलिन, दुसरीकडे डफासारखं वाद्य. मी चहा मागितला, तर कुणी वळूनही पाहिलं नाही. शेजारच्या आजींनी विचारलं, “भारतात कुठून आलात?” मी म्हटलं, “बेळगावच्या जवळून.”

आजींचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि एकच शब्द म्हणाल्या, “सविता.”

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी काहींना ती आठवत असेल. सविता हलप्पनवार. बेळगावची मुलगी, दातांची डॉक्टर, नवऱ्याबरोबर गॅलवेत राहायला आलेली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही, हे स्पष्ट झालं. तिनं गर्भपाताची विनंती केली. पण बाळाच्या हृदयाचे ठोके सुरू होते आणि तिथला कायदा आड आला. थांबण्यात दिवस गेले, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. वय अवघं ३१. पुढे चौकशीत उपचारांतल्या त्रुटीही उघड झाल्या.

बेळगाव म्हणजे आमचा बाजार, आमचा दवाखाना, आमच्या लेकींचं कॉलेज. ती बातमी आली, तेव्हा घरातलंच कुणी गेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आयर स्क्वेअरला गेले. आदल्या दिवशी तिथे आइस्क्रीम खाल्लं होतं. याच मैदानात तेव्हा सवितासाठी माणसं मेणबत्त्या घेऊन जमली होती. तिला कधीही न भेटलेली माणसं! त्यांनी विषय सोडला नाही. २५ मे २०१८ ला देशानं सार्वमत घेतलं. मत द्यायला परदेशी गेलेली मुलं-मुली विमानानं घरी आली. बेळगावहून सविताच्या वडिलांनीही आवाहन केलं होतं. ६६ टक्क्यांहून जास्त मतदारांनी राज्यघटनेतली गर्भपातबंदी उठवण्याच्या बाजूनं कौल दिला आणि २०१९ च्या जानेवारीपासून तिथे ही सेवा कायद्यानं मिळू लागली.

बाकावर बसून मी विचार करत होते. तिथे कायदा नव्हता, म्हणून आपली लेक गेली. आपल्याकडे तर कायदा १९७१ पासून आहे. मग आमच्या वस्तीतली ती सून का थांबली होती? अंगावरून जातंय, ताप आलाय आणि दवाखान्यात म्हणे, नवऱ्याची सही आणा. नवरा गोव्याला कामावर. सासू म्हणाली, उद्या येईल, बघू. आम्ही बायका भांडलो, दुसरीकडे नेलं, म्हणून ती वाचली. पण खरं सांगू? सही लागत नाही, हे त्या दिवशी मलाही ठामपणे माहीत नव्हतं. नंतर विचारून घेतलं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. जिवाला धोका असेल, तर आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही.

परत आल्यावर आमच्या महिला मंडळात फोटो दाखवले. नदी, बाजार, ऑस्कर वाइल्डशेजारची मी. सगळ्या खूप हसल्या. मग मैदानाचा फोटो आला आणि मी सविताबद्दल सांगितलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मागं बसलेली एक जण उठून पुढे आली. तिची मुलगी पहिलटकरीण आहे.

“ताई, ते सहीचं तेवढं मला कागदावर लिहून द्या,” ती म्हणाली. “मोठ्या अक्षरात.”

त्या दिवशी बावीस कागद लिहून दिले.