नसांच्या तपासणीचे खरे बिल

वणी परिसरात ऑक्टोबरची छाटणी उरकली की दवाखान्यांत एक तक्रार हमखास वाढते. रात्री हाताला मुंग्या येतात, पहाटे बोटे बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते. दिवसभर द्राक्षाच्या काडीवर कात्री चालवणाऱ्या हाताच्या मनगटात नस दाबली गेलेली असते. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, ‘एनसीव्ही’. चिठ्ठी हातात घेऊन रुग्ण एवढेच विचारतो, ‘किती लागतील?’

याचे उत्तर केंद्रागणिक बदलते. खासगीत चारही हातापायांची तपासणी साधारण दोन-तीन हजारांपासून सहा-सात हजारांपर्यंत जाते. स्नायूत सुई घालून करायची ईएमजी जोडली की आकडा आणखी चढतो. रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी ही आठवड्या-पंधरवड्याची मजुरी झाली. शिवाय ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर हे यंत्र नसते. म्हणजे दिंडोरीमार्गे नाशिक, एका बाजूने सुमारे ४० किलोमीटर. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. पण सोबत जाणाऱ्या मुलाचा रोज बुडतोच. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार असेल तर फेरी दोनदा. पावतीवर यातले काहीच दिसत नाही.

तपासणी कशाची, हेही नीट सांगावे लागते. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही ‘नस’ म्हणतात आणि मज्जातंतूलाही. त्यामुळे ‘नसांची तपासणी’ सांगितल्यावर कोणी रक्तवाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी करून येतो. पैसे जातात आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो.

एनसीव्हीत त्वचेवर चकत्या लावून मज्जातंतूला दोन ठिकाणी सौम्य विजेचा झटका देतात. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेतला फरक आणि दोन ठिकाणांमधले अंतर यांवरून वेग निघतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर मोजला तो हाच वेग. निरोगी माणसाच्या हातात तो सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा जास्त, पायात ४० किंवा जास्त असतो. प्रत्येक मज्जातंतू वेगळा मोजावा लागतो, म्हणून दर मज्जातंतूंच्या संख्येवर ठरतो. मनगटाच्या तक्रारीसाठी दोन्ही हात पुरतात; दरवेळी चारही हातपाय तपासण्याचे कारण नाही. चिठ्ठीवर नुसते ‘एनसीव्ही’ असेल तर केंद्र बहुधा सगळेच करते. म्हणून कोणता हात, कोणता मज्जातंतू आणि शंका कशाची हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पाठवणाऱ्याचा ‘कट’ दरात मिसळलेला असतो का, हा प्रश्नही रुग्णाच्या मनात असतो. तो अनाठायी म्हणता येत नाही. राज्याने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला होता, पण कायदा झाला नाही.

थंडीचेही एक गणित आहे. हात गार असेल तर मज्जातंतूतला वेग कमी दिसतो. डिसेंबरात पहाटेची एसटी पकडून आलेल्या माणसाचा हात न तापवता तपासला, तर निरोगी मज्जातंतूही आजारी ठरू शकतो. मग पुन्हा तपासणी, पुन्हा पैसे.

मुळात अनेकांना ही तपासणी लागतच नाही. दहा-बारा वर्षांचा मधुमेह आहे, दोन्ही तळपायांना सारख्याच मुंग्या येतात, सुरुवात बोटांपासून झाली आहे, अशा रुग्णाचे निदान १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने आणि १० ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने पाच मिनिटांत होते. तळपायांची नुसती आग होत असेल तर एनसीव्ही नॉर्मलही येऊ शकते, कारण वेदना वाहून नेणारे बारीक तंतू या यंत्राला दिसत नाहीत. त्यापेक्षा साखर, बी-१२, थायरॉइड आणि किडनीच्या रक्ततपासण्या आधी कराव्यात. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होते आणि ते भरून काढता येते. अंगावर सुन्न चट्टा असेल तर कुष्ठरोगाची शंका घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तिथे तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत.

काही ठिकाणी मात्र हा खर्च टाळू नये. अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा झिजत असेल, चालताना पाऊल लटकत असेल, मनगटाची शस्त्रक्रिया ठरत असेल, किंवा फवारणीच्या औषधाची विषबाधा होऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पाय दुबळे पडू लागले असतील, तर तपासणी करावीच. दोन-चार दिवसांत पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा ही वेगळीच गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात ज्याची साथ आली तो गिया-बारे सिंड्रोम असाच सुरू होतो. अशा वेळी एनसीव्हीच्या तारखेची वाट पाहत बसू नये, थेट मोठे रुग्णालय गाठावे. पहिल्या आठवड्यात ही तपासणी नॉर्मलही येऊ शकते, आणि तेवढ्या वेळात श्वासाचे स्नायू थकू शकतात.

पैशांची सोय कुठे आहे? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. नाशिकचे जिल्हा रुग्णालय आणि शालिमारजवळचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय त्यात येतात. तिथे जायचे तर एनसीव्ही होते का, कोणत्या दिवशी होते, हे आधी फोनवर विचारावे. रिकामी फेरी हीदेखील महाग पडते. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याची असल्याने या निर्णयात नाहीत.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल बराच गैरसमज आहे. योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ते मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. ओपीडीतून लिहून दिलेल्या एनसीव्हीचे पैसे त्यातून मिळत नाहीत. दाखल व्हायची वेळ आली तर मात्र पैसे भरण्याआधी १५५३८८ वर चौकशी करावी.

खाटा असलेल्या खासगी रुग्णालयांना दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. नुसत्या तपासणी केंद्रात दर विचारूनच घ्यावा, तोही एका हाताचा, दोन्ही हातांचा आणि सुईसह असा वेगवेगळा. तपासणीला जाताना हातापायांना तेल किंवा मलम लावू नये. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावे. आणि निघताना निष्कर्षाच्या एका पानावर समाधान न मानता आलेखांची आणि आकड्यांची पानेही मागून घ्यावीत. ती नसली की पुढच्या रुग्णालयात तीच तपासणी पुन्हा लिहून दिली जाते.