संगणकांची इर्जिक

माघ-फाल्गुनाच्या सुमारास नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी या तालुक्यांतून प्रवास करणाऱ्यास रस्त्याच्या दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मळे दिसतात. घड भरून आलेले असतात. परंतु मळ्याचा धनी घडांकडे कमी आणि आभाळाकडे अधिक पाहत असतो. वर्षभराची मेहनत या दिवसांत एका गारपिटीने मातीस मिळू शकते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत तसे घडलेही. पावसाची वर्दी दोन दिवस आधी मिळाली, तर तयार माल उतरवून घेऊन निदान काही भाग तरी वाचवता येतो.

ही वर्दी देण्यासाठी शास्त्रज्ञ वातावरणाचे लहान लहान चौकोन कल्पितात. प्रत्येक चौकोनातील तापमान, हवेचा दाब, वारा आणि बाष्प यांवरून थोड्या वेळानंतर तेथे काय स्थिती असेल, याचे गणित मांडतात. त्या उत्तरावरून त्यापुढचे, आणि असे करीत करीत काही दिवसांपुढचे. चौकोन जितका लहान, तितका अंदाज नेमका होण्यास वाव असतो. परंतु चौकोनाची बाजू निम्मी केली, की एकाच्या जागी चार चौकोन होतात आणि गणिताची पावलेही जवळजवळ टाकावी लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत तयार झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही पद्धती मे 2025 मध्ये देशास अर्पण करण्यात आली. तिचे चौकोन सुमारे 6 किलोमीटरांचे आहेत. त्यापूर्वीचे 12 किलोमीटरांचे होते. हे गणित 'अर्क' नावाचा महासंगणक करतो. एकावर सोळा शून्ये लिहिली असता जी संख्या होते, तिच्याहूनही अधिक गणिते एका सेकंदात करण्याची त्याची शक्ती आहे.

महासंगणक म्हटले, की डोळ्यांपुढे एखादे अवाढव्य यंत्र उभे राहते. वस्तुतः ते एक यंत्र नव्हेच. कपाटांच्या रांगांत बसवलेले, वेगवान तारांनी एकमेकांस जोडलेले ते अनेक संगणक होत. अशा समूहास क्लस्टर म्हणतात व त्यातील प्रत्येक संगणकास नोड. आपल्या खेड्यांतून पूर्वी इर्जिक घालण्याची चाल होती. एखाद्याचे शेत वेळेवर नांगरून होत नसेल, तर गावातील शेतकरी आपापले नांगर व बैल घेऊन येत आणि एका दिवसात त्याचे रान उलथून देत. क्लस्टर ही संगणकांची इर्जिक आहे.

परंतु इर्जिकीस नुसते बैल पुरत नाहीत. कोणी कोठून तास धरावयाचे, एकाचा नांगर मोडला तर त्याची पट्टी कोणी पुरी करावयाची, हे जाणणारा माणूस बांधावर उभा असावा लागतो. क्लस्टरलाही असा माणूस लागतो, आणि तो बाजारात विकत मिळत नाही.

हा अनुभव भारतास लवकरच आला. 1980 नंतरच्या दशकात भारतास हवा होता तो शक्तिशाली महासंगणक देण्यास अमेरिका राजी झाली नाही. तेव्हा 1988 मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर हे तिचे पहिले संचालक. 1991 मध्ये संस्थेने 'परम 8000' सिद्ध केला. तोही अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडूनच केलेला होता. यंत्र झाले, आता ते चालवणारी, त्यास काम वाटून देणारी माणसे हवी होती. अशा प्रगत संगणकविद्येचे शिक्षण देण्यासाठी सी-डॅकने 1993 मध्ये पुण्यात स्वतंत्र प्रशिक्षणशाळा काढली. महासंगणकाची व्यवस्था पाहणाऱ्यांसाठी सुमारे सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम पुढे तेथे सुरू झाला.

पुढे 1994 साली अमेरिकेत थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी 16 साधे संगणक साध्या जाळ्याने जोडून 'बेओवुल्फ' नावाचा क्लस्टर उभारला. बाजारात मिळणारी यंत्रे आणि मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली यांतून मोठी गणिते होतात, हे त्यामुळे दिसून आले. शिक्षणाच्या दृष्टीने याचे महत्त्व फार मोठे आहे. कारण कचेरीतून निघालेल्या चार जुन्या संगणकांवरही ही विद्या शिकवता येऊ लागली.

असा अभ्यासक्रम आखावयाचा कसा? सामान्यतः शिक्षक पुस्तकाचे पहिले पान उघडतो. येथे मात्र शेवटून आरंभ करणे बरे. अभ्यासक्रम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यास कोणते काम एकट्याने करता आले पाहिजे, हे शिक्षकाने प्रथम लिहून काढावे. त्या कामाच्या आधी काय यावयास हवे, त्याच्याही आधी काय, असे मागे मागे येत पहिल्या दिवसापर्यंत पोहोचावे. यामुळे बराचसा पाठ आपोआप गळून पडतो. शिक्षकास आवडतो म्हणून शिकवला जाणारा भाग बहुधा सर्वांत आधी गळतो, आणि ते योग्यच होय.

पहिल्या दिवशी दोनच संगणक जोडावेत. एकाने हाक मारली असता दुसऱ्याने ओ दिली, एवढे झाले तरी पुष्कळ. मग सर्वांची घड्याळे एक करावयाची. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु दोन यंत्रांच्या घड्याळांत अंतर पडले, तर कोणती नोंद आधीची व कोणती नंतरची, हेच कळेनासे होते. त्यानंतर सर्वांस मिळून एक कोठार द्यावयाचे, म्हणजे प्रत्येक नोडला तीच माहिती दिसेल. मग येतो तो कामांची रांग लावणारा कार्यक्रम. कोणाचे काम आधी, किती नोडांवर, किती वेळ, हे तो ठरवतो. गिरणीवर दळणाचे डबे रांगेत लावतात, तसाच हा प्रकार. मात्र येथे लहान काम मोठ्यांच्या मधल्या फटीत हुशारीने बसवून देतात.

काम वाटण्याचा पाठ सर्वांत कठीण. समजा, निफाडवरील चौकोन एका नोडकडे दिले आणि चांदवडवरील दुसऱ्याकडे. ढग काही तालुक्याची हद्द मानीत नाही. म्हणून गणिताच्या प्रत्येक पावलानंतर दोन्ही नोडांनी आपापल्या हद्दीवरील आकडे एकमेकांस कळवावे लागतात. शेजारी उशीर करील, तर दुसऱ्यास हात बांधून बसणे भाग पडते. येथे विद्यार्थ्यांचा एक भ्रम दूर करावा लागतो. दहा यंत्रे लावली म्हणजे काम दसपट लवकर होईल, असे त्यांस वाटते. एका यंत्रास 100 मिनिटे लागणारे काम घ्या. त्यातील 10 मिनिटांचा भाग वाटताच येत नाही, असे माना. उरलेली 90 मिनिटे दहा यंत्रांत वाटली, तर प्रत्येकास 9 मिनिटे येतात. म्हणजे एकूण 19 मिनिटे लागली, 10 नव्हेत. यंत्रे शंभर केली, तरी 10 मिनिटे 54 सेकंद लागणारच. जीन ॲमडाल या अभियंत्याने 1967 मध्ये मांडलेला हा विचार आहे. शेतात शिरण्याची वाट एकच असेल, तर शंभर बैलजोड्या वाटेवरच खोळंबतात!

हे सारे फळ्यावर सांगून भागत नाही. सी-डॅकने महाविद्यालयांसाठी 'परम शावक' नावाचा, मेजाजवळ ठेवता येईल असा संगणक केला आहे. शावक म्हणजे पिल्लू. काम वाटण्याची गणिते शिकण्यास तो उत्तम. परंतु समूह जोडावयास शिकावयाचे, तर एका पेटीने कसे भागेल? नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूस यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने घरी राहून शिकण्याची वाट पुष्कळांना खुली केली. त्या रीतीने या विषयाचा निम्मा भाग सुरगाण्याच्या विद्यार्थ्यासही शिकता येईल. दूरच्या क्लस्टरवर आज्ञा देऊन कामही करता येईल. सैल झालेली तार मात्र दुरून बोटांनी चाचपता येत नाही. तेवढ्यासाठी काही दिवस यंत्रापाशी यावेच लागेल.

शिक्षकाने प्रत्येक प्रयोग आधी स्वतः, घड्याळ लावून करून पाहिला पाहिजे. वीस विद्यार्थ्यांनी एकाच वेळी प्रत्येकी 4 गिगाबाइटची फाइल मागितली आणि तार सेकंदास 100 मेगाबाइट वाहून नेणारी असली, तर तेरा मिनिटांहून अधिक वेळ सगळा वर्ग स्वस्थ बसून राहतो. फाइल आदल्या रात्री यंत्रांवर ठेवली, तर ही वेळ वाचते.

अभ्यासक्रमाचा शेवटचा आठवडा बिघाडांचा असावा. यंत्रे हजारो असली, म्हणजे त्यांतील एखादे बंद पडणे हे नित्याचेच. म्हणून दीर्घ गणिताची मधली उत्तरे ठराविक वेळाने कोठारात जपून ठेवतात. नोड पडला, तरी काम तेथून पुढे सुरू होते. हे शिकवण्यासाठी शिक्षक गणित चालू असताना हळूच एक तार उपटतो. एका यंत्राचे घड्याळ पाच मिनिटे मागे सारतो. कोठार भरून टाकतो. काय केले ते मात्र सांगत नाही. विद्यार्थी प्रथम गडबडतात, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करू पाहतात. मग हळूहळू यंत्राने स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी वाचू लागतात.

परीक्षाही अशीच घेतात. आठ नोडांचा समूह, त्यातील एक रुसलेला, आणि हाती तीन तास. गणित पुरे झाले, की परीक्षक उत्तराकडे दृष्टी टाकतो व विद्यार्थ्याची नोंदवही मागतो. कोणत्या वेळी काय दिसले, त्यावरून काय तर्क केला, तो खोटा ठरल्यावर पुढे काय केले, हे तीत लिहिलेले असावे लागते. मध्यरात्रीच्या पाळीवर येणाऱ्या दुसऱ्या माणसास ती वही वाचून काम पुढे चालवता आले, तर तिला पुरे गुण मिळतात.