यंत्राला मुंगीचे डोळे

पहाटे साडेपाच. जूनमधल्या कोलकात्यात निरीक्षण करायचं तर ऊन चढायच्या आत. रवींद्र सरोवराकाठच्या आंब्यावर तांबड्या मुंग्यांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या हुमल्यांचं, नवं घर उठतंय. एकमेकींची कंबर धरून केलेल्या साखळीने त्यांनी दोन पानांच्या कडा जवळ ओढल्यात. एक कामकरी मुंगी तोंडात अळी धरून धोट्यासारखी या कडेवरून त्या कडेवर फिरवते. अळीच्या तोंडातून रेशीम येतं, पानं जोडली जातात. या जातीच्या अळ्या स्वतःसाठी कोष विणतच नाहीत. सगळं रेशीम घराला. अळी म्हणजे थ्रीडी प्रिंटरची नळीच, पण ती फिरवणारी मुंगी मिशांनी कड चाचपत पुढे सरकते. मी बघायला येतो ते हे चाचपणं. बसु विज्ञान मंदिरातल्या गोपालचंद्र भट्टाचार्यांनी याच मुंग्यांचा ध्यास घेतला होता. त्यांच्या ‘बांगलार कीटपतंग’ या पुस्तकाला 1975 साली रवींद्र पुरस्कार मिळाला.

नऊ. आमच्या थ्रीडी प्रिंटरसाठी कुमारटुलीचे मूर्तिकार वापरतात तीच माती : चिकट एँटेल आणि रेताड बेले. चाळणं, मळणं. एक खडा राहिला तरी नळी तुंबते.

अकरा ते दोन. प्रिंटर थरावर थर घालतो. दमट हवेत खालचा थर वाळत नाही, भिंत दबते. नळी मात्र फाइलमधल्या उंचीवरच फिरत राहते. वाळवी असं करत नाही. आधीचं बांधकामच पुढच्या कामाला चालना देतं, हे प्येर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलं. म्हणून आम्ही मधेमधे यंत्र थांबवतो, उंची मोजतो, फाइल सुधारतो. वेळ जातो, पण भिंत उभी राहते.

तीन. माशाचा झोल, भात.

चार. विद्यार्थ्यांना एमआयटीचा 2013 चा ‘सिल्क पॅव्हेलियन’ दाखवतो. यंत्राने 26 चौकटींवर रेशमी धागे ताणले, त्यावर 6,500 रेशीमकिड्यांनी रेशीम पसरलं. किडे अंधाऱ्या, दाट धाग्यांच्या भागाकडे सरकले. त्यांना उकळून मारावंही लागलं नाही. वारुळाच्या आकाराचा मनोरा बांधण्यापेक्षा मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण इथे कीटकाची वागणूकच कामाला लावली आहे.

सहा. भिंतीवर ओलं फडकं. उंची अजून आम्हीच मोजतो आहोत. यंत्र स्वतः थर बघून पुढचा थर ठरवत नाही, तोवर या भिंतीला मी मुंग्यांच्या पद्धतीचं बांधकाम म्हणणार नाही.