हृदयाचे ठोके आणि बिनतारी संदेश

इ.स. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी एक विलक्षण प्रयोग करून दाखवला. मध्ये कोणतीही तार नसताना, भिंत ओलांडून गेलेल्या विद्युतचुंबकीय लहरींनी दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. त्याच शहरातील बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत राहणाऱ्या भगिनी निवेदिता यांनी पुढे बोस यांच्या ग्रंथलेखनाला मोलाचे साहाय्य केले. आज त्या बागबाजारात हुगळीकाठी सायकल चालवणारा एखादा माणूस छातीला पट्टा बांधतो, तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोकेही अशाच अदृश्य लहरींवरून सायकलच्या दांड्यावरील यंत्रापर्यंत पोहोचतात.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अतिशय सूक्ष्म विद्युतस्पंद निर्माण होतो. पट्ट्याच्या आतील बाजूचे विद्युतवाहक भाग तो त्वचेवरून टिपतात आणि पट्ट्यातील प्रक्षेपक तो पुढे पाठवतो. फिनलंडमधील पोलर कंपनीने १९८२ मध्ये असे बिनतारी साधन बाजारात आणले. जुने पट्टे सुमारे ५ किलोहर्ट्‌झच्या चुंबकीय संदेशावर चालत. नव्या पट्ट्यांतील ब्लूटूथ व अँट प्लस या पद्धती सुमारे २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वापरतात.

चालत्या सायकलवर यंत्रावरील आकडा मध्येच नाहीसा झाला किंवा अचानक २०० च्या पुढे गेला, तर काय करावे? संदेशाचा मार्ग त्वचा, पट्टा, हवा आणि ग्राहकयंत्र अशा चार टप्प्यांचा आहे. एकेक टप्पा क्रमाने तपासला, की दोष सापडतो.

पहिला टप्पा त्वचेचा. कोरडी त्वचा वीज नीट वाहू देत नाही. म्हणून निघण्यापूर्वी पट्ट्याचे विद्युतवाहक भाग पाण्याने ओले करावेत आणि पट्टा छातीच्या खाली घट्ट, पण श्वास न कोंडेल असा बांधावा. वाऱ्याने फडफडणारा कृत्रिम धाग्याचा सदरा स्थिर विद्युत निर्माण करतो. त्यामुळेही आकडा खोटा वाढतो.

दुसरा टप्पा पट्ट्याचा. त्यातील नाण्याएवढी बॅटरी क्षीण झाली, की संदेश तुटक येतो. घामाचे क्षार साचू नयेत म्हणून पट्टा वेळोवेळी धुवावा.

तिसरा टप्पा हवेचा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाणी शोषून घेते आणि आपल्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असते. ग्राहकयंत्र पाठीवरच्या खिशात ठेवले, तर छाती व यंत्र यांच्यामध्ये संपूर्ण शरीराचा अडसर येतो. अरुंद गल्लीत भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी त्यापर्यंत पोहोचू शकतात. घाटावरील मोकळ्या जागेत तसा आधार नसतो. यंत्र पुढे दांड्यावर बसवणे हा त्यावर उपाय होय. जुन्या ५ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यांना मात्र रेल्वेच्या विजेच्या तारांजवळ किंवा उच्च दाबाच्या वाहिन्यांखाली अडथळा येऊ शकतो. तेथून दूर गेल्यावर आकडा सुधारला, तर कारण स्पष्ट होते.

चौथा टप्पा ग्राहकयंत्राचा. ब्लूटूथचे अनेक पट्टे एका वेळी एकाच यंत्राशी जोडले जातात. खिशातील मोबाइलने पट्टा आधीच जोडून घेतला असेल, तर दांड्यावरील यंत्राला तो सापडत नाही. अशा वेळी मोबाइलचे ब्लूटूथ बंद करून जोडणी पुन्हा करावी.

एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा कोणत्या उपायाने गुण आला, ते कळत नाही. शंका आल्यास सायकल थांबवून मनगटाची नाडी १५ सेकंद मोजावी आणि ती संख्या ४ ने गुणावी. यंत्राचा आकडा तिच्याशी जुळतो का, ते पाहावे.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा धाप न थांबणे अशी लक्षणे दिसत असतील, तर यंत्रावरील आकडा कितीही समाधानकारक असला तरी त्यावर विसंबू नये. तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. यंत्र हृदयाचे वृत्त सांगते. हृदयाची काळजी मात्र माणसालाच घ्यावी लागते.