गडवाटेवरची माणसं आणि त्यांच्यामागची चूल

शनिवारी रात्री कळसूबाईच्या पायथ्याला बारी गावात, त्र्यंबकच्या हर्षेवाडीत किंवा बागलाणातल्या साल्हेरवाडीत गाड्या येऊन थांबतात. पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं-पोरी उतरतात, चहा पितात आणि पहाटे बॅटरीच्या उजेडात डोंगराला लागतात. कळसूबाई 1646 मीटर उंच, राज्यात तिच्याहून उंच शिखर नाही. साल्हेर 1567 मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. 2025 साली जागतिक वारशात गेलेल्या शिवकालीन किल्ल्यांमध्ये साल्हेरचंही नाव आहे, म्हणजे गर्दी वाढणारच. या मुलांना आणणारी एखादी छोटी कंपनी असते. जाहिरातीत डोंगराचा फोटो आणि माणशी भाव एवढंच दिसतं. ते पैसे कोणाकोणाच्या कामाचे असतात, आणि आपल्या गावाच्या वाट्याला त्यातलं काय येतं, हे आज समजून घेऊ.

अशा कंपनीत कायमची माणसं फार तर दोन-चार. बाकी सगळी फेरीपुरती. एकजण नावनोंदणी, पैसे आणि बस बघतो. कोणाला दमा आहे, कोणाला साखर आहे, रक्तगट कोणता, घरचा फोन कोणता, ही यादीही त्याच्याकडेच असते. हे काम कोणाच्या नजरेत येत नाही, पण अडचण आली की पहिल्यांदा तीच यादी शोधली जाते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात जायचं तर वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, शुल्क भरायचं, हेही त्यात आलं.

डोंगरावर सगळ्यात पुढे म्होरक्या चालतो, त्याला ही मंडळी लीडर म्हणतात. पण आमच्या मते खरं अवघड काम सगळ्यात मागे चालणाऱ्याचं. ज्याचे पाय भरून आलेत, जो रडवेला झालाय, ज्याच्या चपलेचा तळ निघालाय, तो या शेवटच्या माणसाच्या वाट्याला येतो. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, हा नियम. दर विसाव्याला डोकी मोजायची, आणि पुढच्याचा आकडा मागच्याशी जुळल्याशिवाय कोणी हलायचं नाही.

अलंग-मदनसारख्या गडांवर तर नुसतं चालून भागत नाही. तिथल्या पायऱ्या 1818 च्या सुमारास इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या, त्यामुळे मधला कडा दोर लावूनच चढावा लागतो. दोर बांधणारा माणूस शिकलेला हवा. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली इथे गिर्यारोहणाच्या संस्था आहेत, तिथे जवळपास महिनाभराचा पायाभूत अभ्यासक्रम असतो. गाठ कशी मारायची, दोर कुठे घासतो, वरून माणसाला कसं सांभाळायचं, हे तिथे रोज हाताने करून घेतात. विहिरीवरचा दोर झिजला की आपण बदलतो ना, तसंच इथेही आहे. जुना दोर अजून चालेल म्हणणाऱ्या कंपनीबरोबर आपल्या घरचं पोर पाठवू नये.

आणि मग आपल्या गावचा वाटाड्या. हिरड्याला, लाकडाला, गुरांमागे लहानपणापासून फिरलेला माणूस. कोणत्या टाक्यातलं पाणी होळीपर्यंत टिकतं, कोणत्या कपारीत आग्या मोहोळ लागलंय, धुक्यात वाट कुठे फसवते, हे नकाशात नसतं. सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. वर घाटमाथ्यावर सर आली की खाली अरुंद घळीत पाणी भरायला वेळ लागत नाही. पण शहरातून पैसे भरून आलेला गट परत फिरायला तयार नसतो, आणि लीडरलाही पैसे परत करायचे नसतात. म्हणून ठरवतानाच एक गोष्ट बोलून घ्यावी: वाटाड्या ‘नाही’ म्हणाला की नाही, आणि त्या दिवसाची त्याची मजुरी कापायची नाही. मजुरी कापली जाणार असेल, तर ‘नाही’ म्हणायला कोण धजेल?

प्रथमोपचाराची पेटीही विचारून घ्यावी. साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही. माणसाला चालू न देता, धीर देत, लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं. 108 ला फोन लावायचा तर डोंगरावर फोन कुठल्या ठिकाणी लागतो, हेही वाटाड्यालाच ठाऊक असतं.

आता चुलीकडे येऊ, कारण बचत गटांचा संबंध जास्त तिथे येतो. आपण एक हिशेब मांडून बघू. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा तीस जणांचा गट आहे. रात्रीचं जेवण, सकाळी चहा-नाश्ता, माणशी 200 रुपये ठरले. झाले 6000. किराणा, भाजी, दूध 3400, गॅस 400, पत्रावळी आणि पाण्याचे 300. खर्च झाला 4100, उरले 1900. चौघी राबल्या तर एकीला 475 रुपये. पण दुपारी तीनला निवडायला बसलेल्या बाया रात्री अकराला भांडी घासून उठतात आणि पहाटे पाचला परत चुलीपुढे असतात. बारा तास झाले. त्यात आपल्या घरची भांडी, आपली ओसरी, आपलं जळण धरलेलंच नाही.

आणि सामान भरून झाल्यावर शनिवारी संध्याकाळी फोन आला की ‘ताई, दहाजण येत नाहीत’, तर हातात येणार 4000 आणि खर्च झालाय 4100. डाळ-तांदूळ उरतील एखादवेळेस, पण चिरलेली भाजी आणि मळलेली कणीक उरत नाही. म्हणून आकडा शुक्रवारपर्यंत पक्का करून घ्यावा आणि निम्मे पैसे आधी घ्यावेत. शहरातल्या पाहुण्याने जागा सोडली तर कंपनी त्याचे पैसे बहुतेक कापूनच ठेवते. मग तोटा आपल्याच ताटात का?

अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीने वेगळी रीत बसवली आहे. काजवे बघायला येणाऱ्यांमुळे हे गाव पुष्कळांना माहीत झालं. तिथे पाहुणे घरोघरी पाळीने वाटले जातात, त्यामुळे एकाच घराची चूल पेटते आणि बाकीच्या बघत बसतात असं होत नाही. पाळीची वही गटाकडे असली तर भांडणंही कमी होतात. वही ठेवायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

बायांनी चुलीपाशीच का राहावं, असंही कोणी विचारेल. विचारावंच. नेपाळात पोखरा इथे तीन छेत्री बहिणींनी 1994 मध्ये बायकांसाठी बाया वाटाड्या पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला. एकट्या येणाऱ्या बायकांना पुरुष वाटाड्यांकडून होणारा त्रास त्यांच्या कानावर आला होता, त्यातून हे सुचलं. पुढे त्यांनी खेड्यातल्या मुलींना शिकवून या कामात आणलं. आपल्याकडेही मुलींचे गट डोंगरावर येतात, आणि त्यांच्या आईबापांचा पहिला प्रश्न असतो, ‘बरोबर बाई कोण आहे?’ नवरात्रात लुगडं खोचून कळसूबाईच्या शिड्या चढणाऱ्या आमच्या मावश्यांना वाट दाखवायला काय अवघड? शिकायचं उरतं ते प्रथमोपचार, दोराची माहिती आणि चार अनोळखी माणसांना ठणकावून थांबवायची सवय.

कायद्याचं थोडं. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असा व्यवसाय करणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. कंपनी गावात आली की आधी नोंदणीचा कागद मागा, आणि विमा फक्त पाहुण्यांचा आहे की वाटाड्याचाही, हे विचारा. उत्तर द्यायला माणूस घुटमळला तर काय समजायचं ते समजा.

दुसरं, 2023 साली शासनाने ‘आई’ नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण काढलं. बाईच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला बँकेतून घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळू शकतो, अटी पाळल्या आणि हप्ते वेळेवर गेले तर. कर्ज बँकच देते, शासन फक्त व्याज परत करतं, हे नीट लक्षात घ्या, नाहीतर कोणी गावात येऊन ‘फुकट पैसे’ म्हणून सांगेल. घरगुती मुक्काम, जेवण, वाटाड्याचं काम, साहसी पर्यटन, सगळं त्यात बसतं. चौकशीसाठी नाशिकला पर्यटन संचालनालयाचं कार्यालय आहे. जाताना गटाचं बँक पुस्तक, आधार, पॅन आणि मागच्या हंगामात किती पाहुणे जेवले त्याची वही बरोबर न्या. बँकेचा साहेब आधी तीच वही उघडतो.